गॅस टर्बाइनच्या ज्वालेत पाणी: किती, कोणते, आणि कंट्रोलवर त्याचा परिणाम

जुन्या पद्धतीच्या, म्हणजे डिफ्यूजन ज्वालेच्या कंबस्टरमध्ये (ज्वलन कक्षात) नॉक्स, म्हणजे नायट्रोजनचे ऑक्साइड, कमी करण्यासाठी ज्वालेत डीएम (क्षार काढलेले) पाणी सोडतात. टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक), तळोजा किंवा ठाण्याच्या औद्योगिक पट्ट्यात कॅप्टिव्ह, म्हणजे कारखान्याच्या स्वतःच्या वापराची, वीज बनवणाऱ्या मशीनवर हे पाणी अनेकदा 'पर्यावरणवाल्यांची लाइन' म्हणून बाजूला पडते. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात मर्यादा आहे म्हणून ती चालवायची, बाकी मशीनशी तिचा संबंध नाही, असा समज असतो. प्रत्यक्षात पाणी आत गेले की इंधन, लोड, एक्झॉस्ट तापमान, कंप्रेसरचा डिस्चार्ज दाब आणि हॉट पार्टचे आयुष्य, सगळेच हलते. म्हणून ही लाइन इंधनाच्या लाइनीची जोडीदार समजून चालवावी लागते. पुढचे आकडे ठरावीक मशीनचे नाहीत, साधारण आहेत. तुमच्या ओईएमचे (मूळ निर्मात्याचे) मॅन्युअल वेगळे सांगत असेल, तर मॅन्युअलच मानायचे.

आधी एक गल्लत दूर करू. टर्बाइनमध्ये पाणी चार कारणांनी जाते. इनलेटला फॉगिंग किंवा इव्हॅपोरेटिव्ह कूलर हवा थंड करतो. वेट कंप्रेशनमध्ये थेंब मुद्दाम कंप्रेसरच्या आत जाऊ देतात. ऑफलाइन वॉशचे पाणी ब्लेड धुते. चौथे पाणी ज्वालेत जाते, आणि हा लेख फक्त त्याच्याबद्दल आहे. ड्राय लो नॉक्स कंबस्टरला गॅसवर हे पाणी लागत नाही. अशा मशीनवर ते दिसले तर बहुधा द्रव इंधनापुरते असते.

ज्वालेत नेमके काय होते

हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन साधारण १५०० अंश सेल्सिअसच्या वर एकमेकांशी जोरात जुळू लागतात, आणि तिथून पुढे तापमान थोडे वाढले तरी नॉक्स झपाट्याने वाढतो. डिफ्यूजन ज्वालेत इंधन आणि हवा आधी मिसळलेली नसतात. त्यामुळे ज्वालेच्या कडेला असे पट्टे तयार होतात जिथे मिश्रण अगदी काट्यावर, म्हणजे इंधनाला लागेल तेवढीच हवा, असते आणि तापमान सर्वांत जास्त. पाणी तिथेच उष्णता शोषते: आधी तापताना, मग वाफ होताना, मग ती वाफ ज्वालेच्या तापमानाला पोचताना.

याची किंमत हिशेबात पकडता येते. ३० अंशाच्या १ किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २.५५ मेगाज्यूल लागतात. १ किलो गॅसमधून सुमारे ४८ मेगाज्यूल मिळतात. दर किलो गॅसमागे ०.८ किलो पाणी सोडले, तर इंधनाच्या उष्णतेतले सव्वाचार टक्के निव्वळ वाफ करण्यात गेले. त्यातले काही परत मिळते, कारण ती वाफही टर्बाइनमधून प्रसरण पावत जाते आणि काम करते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या उत्सर्जन संकलनात या पद्धतीसाठी दिलेले नेहमीचे आकडे असे: कार्यक्षमतेत २ ते ३ टक्के तोटा, पॉवर आउटपुटमध्ये ५ ते ६ टक्के वाढ, नॉक्समध्ये ६० टक्के किंवा त्याहून जास्त घट, आणि पाणी-इंधन गुणोत्तर बहुधा १ पेक्षा कमी.

तोटा आणि वाढ एकाच वेळी कशी, हा प्रश्न नव्या शिफ्ट इंजिनिअरला हमखास पडतो. इंधन तेवढेच ठेवून पाणी सोडले तर लोड किंचित पडतो. पण तापमानाच्या मर्यादेवर चालणाऱ्या मशीनला पाण्यामुळे आणखी इंधन जाळायला जागा मिळते आणि टर्बाइनमधून जाणारे वस्तुमान वाढते, म्हणून जास्तीत जास्त लोड वाढतो. पार्ट लोडवर तुम्ही पाणी सोडता तेव्हा हाती येते ती फक्त इंधनाची वाढ. थंडीतल्या सकाळी बेस लोडवर ही वाढ जनरेटर, गिअरबॉक्स किंवा ट्रान्सफॉर्मरच्या मर्यादेला जाऊन धडकू शकते. तिथे पॉवर लिमिटर आधीच नीट लावलेला हवा.

पाणी किती लागेल

३० मेगावॅटचे, ३७ टक्के कार्यक्षमतेचे एरो प्रकारचे (विमानाच्या इंजिनवरून बनवलेले) मशीन घ्या. इंधनातून ८१ मेगावॅट उष्णता हवी, म्हणजे सेकंदाला १.६९ किलो गॅस, तासाला सुमारे ६.१ टन. गुणोत्तर ०.८ धरले तर तासाला ४.९ टन आणि दिवसाला ११७ टन डीएम पाणी. आरओची रिकव्हरी ७५ टक्के मानली, तर कच्चे पाणी दिवसाला सुमारे १५५ टन.

आपल्या पट्ट्यात हा आकडा दोन कारणांनी महत्त्वाचा. एमआयडीसीचे बारवी धरणाचे पाणी जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रातून येते, आणि दुरुस्तीसाठी ते पूर्ण दिवसभर बंद राहण्याच्या वेळा येतात. डीएम टाकी आठ-दहा तासांची असेल तर त्या दिवशी मशीन कोरडे चालवायचे की लोड उतरवायचा, हा निर्णय आदल्या रात्री घाईत घ्यावा लागतो. कच्चे आणि डीएम मिळून दोन दिवसांचा साठा हा आमच्या मते किमान. दुसरे कारण पावसाळ्याचे: जून-जुलैत कच्च्या पाण्याचा गढूळपणा वाढतो आणि आरओच्या आधीच्या फिल्टरांवर सगळा भार येतो. महापालिकेचे प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरत असाल तर त्यात सेंद्रिय द्रव्य आणि अमोनिया असतो. मेम्ब्रेन लवकर माखतात, म्हणून अल्ट्राफिल्ट्रेशन टाळू नका.

गुणोत्तर वस्तुमानावर काढायचे की उष्णतेवर, हेही आधीच ठरवा. पाइपातल्या गॅसचे मिश्रण बदलते, कधी इथेन जास्त, कधी नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड जास्त. १ किलो गॅसमधली उष्णता बदलली की वस्तुमानावरचे जुने गुणोत्तर फसवते. गॅस क्रोमॅटोग्राफ उपलब्ध असेल तर उष्णतेवरचा हिशेब बरा.

आपल्या हवेतले पाणी

जे पाणी तुम्ही पंपाने सोडता त्याच्याखेरीज इनलेटमधूनही पाणी आत येते, आणि खाडीकाठी ते थोडे नसते. जुलैत २८ अंश आणि ८८ टक्के आर्द्रतेला हवेत किलोमागे सुमारे २१ ग्रॅम बाष्प असते. जानेवारीतल्या पहाटे १९ अंश आणि ६० टक्क्यांना तेच ८ ते ९ ग्रॅमवर येते. वरच्या मशीनची हवा सेकंदाला ८५ किलो धरली, तर जुलैत १.८ किलो पाणी नुसत्या हवेबरोबर येते. नोझलमधून आपण सोडतो ते १.३५ किलो. अर्थात हवेतला बराचसा वाटा थंडाव्याच्या भोकांतून बाहेरच्या बाजूने जातो, ज्वालेच्या गाभ्यात काही भागच पोचतो. तरी परिणाम लक्षणीय असतो.

नॉक्स आयएसओ स्थितीला (ठरलेल्या प्रमाण हवामानाला) आणण्याच्या नेहमीच्या सूत्रात आर्द्रतेचा भाग असा असतो: ई चा घात १९ × (आर्द्रता − ०.००६३३), आर्द्रता किलोमागे किलोत. याच भागाने हिशेब केला तर ८.५ ग्रॅमच्या पहाटे नॉक्स २१ ग्रॅमच्या दुपारपेक्षा सुमारे २७ टक्के जास्त येतो. तापमानाचा परिणाम वेगळा. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. जानेवारीत मॅप केलेले, म्हणजे चाचणी घेऊन ठरवलेले, गुणोत्तर जुलैत तसेच ठेवले तर गरजेपेक्षा जास्त पाणी जाते, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) वाढतो, ज्वाला कमकुवत होते आणि गॅसही उगाच जळतो. उलट पावसाळ्यात कमी पाण्यावर मॅप केलेले मशीन डिसेंबरच्या पहाटे मर्यादा ओलांडते, आणि दिवसाच्या सरासरीत ते दिसत नाही.

म्हणून कंट्रोलरमध्ये आर्द्रतेचा गुणक हवाच. तो सापेक्ष आर्द्रतेवर लावू नका. सापेक्ष आर्द्रता आणि कोरडे तापमान दोन्ही घेऊन किलोमागे ग्रॅम काढा, मग गुणक लावा. सेन्सर इनलेट फिल्टरच्या बाहेर, सावलीत, आणि कूलिंग टॉवरच्या वाऱ्यापासून दूर ठेवा. खारट हवेत आर्द्रतेचा सेन्सर सरकतो, त्यामुळे महिन्यातून एकदा सायक्रोमीटरशी (ओल्या-कोरड्या थर्मामीटरच्या जोडीशी) ताडून पाहा. सेन्सर बिघडला तर काय घ्यायचे, याचेही उत्तर लॉजिकमध्ये असू द्या: कोरड्या हवेचे मूल्य घेतले तर नॉक्स सांभाळला जातो पण पाणी जास्त जाते. किनाऱ्यावर वर्षाचे मधले मूल्य आणि ठळक अलार्म हा तोडगा चालतो.

पाण्याची शुद्धता

मोठे निर्माते देत असलेल्या मर्यादा साधारण अशा असतात: कंडक्टिव्हिटी कमाल १ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर, विरघळलेले आणि तरंगते मिळून सर्व घन पदार्थ ५ पीपीएम, सोडियम आणि पोटॅशियम मिळून ०.१ पीपीएम, सिलिका ०.१ पीपीएम (काही मशीनना ०.०२), क्लोराइड ०.५, सल्फेट ०.५, आणि शेवटचा फिल्टर २० मायक्रॉन अब्सोल्यूट.

यातले सोडियम आणि पोटॅशियम सर्वांत घातक. हे क्षार गंधकाबरोबर सल्फेट बनवून ब्लेडवर वितळतात आणि हॉट करोजन सुरू होते. मर्यादा एकट्या पाण्याची नसून सगळ्या वाटांची मिळून असते: (हवा-इंधन गुणोत्तर × हवेतले) + (पाणी-इंधन गुणोत्तर × पाण्यातले) + इंधनातले, ही बेरीज १ पीपीएमच्या आत हवी. हवा-इंधन गुणोत्तर ५० असेल, तर हवेतले ०.००५ पीपीएमही ०.२५ खाऊन टाकते. खाडीवरच्या वाऱ्यात फिल्टर जरा सैल असले की हा वाटा फुगतो, आणि अशा मशीनला पाण्याच्या बाजूने मोकळीक उरत नाही. पाण्यातले सोडियम १ पीपीएमपर्यंत चढले तर एकट्या पाण्याचे ०.८ झाले.

कंडक्टिव्हिटी मीटर हिरवा आहे म्हणून पाणी चांगले आहे, हा मिक्स्ड बेड (डीएम प्लांटमधला शेवटचा रेझिनचा टप्पा) चालवणाऱ्यांचा आवडता गैरसमज. अॅनायन रेझिन संपत आले की आधी सिलिका सुटते, आणि सिलिका जवळजवळ आयनीभूत होत नसल्याने कंडक्टिव्हिटी हलतही नाही. त्यावर ऑनलाइन सिलिका मीटर हाच उपाय. पण तो मीटर फक्त रिअॅक्टिव्ह सिलिका दाखवतो. पावसाळ्यात गढूळ पाण्याबरोबर येणारी कोलॉइडल सिलिका त्याला दिसत नाही. तिच्यासाठी महिन्यातून एकदा प्रयोगशाळेत एकूण सिलिका तपासा. आरओच्या आधीचा एसडीआय (पाण्यातल्या बारीक गाळाचा निर्देशांक) ५ च्या खाली ठेवा, ३ च्या आसपास राहिला तर उत्तम.

उलटही घडते. पाणी चांगले असून मीटर चढा दाखवतो. उघड्या व्हेंटच्या टाकीत शुद्ध पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि कंडक्टिव्हिटी १ मायक्रोसीमेन्सजवळ जाते. व्हेंटवर कार्बन डायऑक्साइड शोषणारा ट्रॅप किंवा नायट्रोजन ब्लँकेट लावा, आणि मिक्स्ड बेडला दोष देण्याआधी बेडच्या आउटलेटचा आणि टाकीचा आकडा शेजारी शेजारी वाचा.

पाइप, व्हॉल्व्ह, टाकीचे अस्तर सगळे स्टेनलेस हवे. डीएम पाणी कार्बन स्टील खाते, आणि तो गंज नोझलच्या बारीक वाटेत जाऊन बसतो.

स्किडवर (पंप आणि व्हॉल्व्हच्या चौकटीवर) काय असते

टाकीतून सक्शन स्ट्रेनर, पंप, डिस्चार्ज फिल्टर, फ्लो मीटर, कंट्रोल व्हॉल्व्ह, शटऑफ व्हॉल्व्ह, दोन शटऑफमधला ड्रेन, मॅनिफोल्ड, प्रत्येक नोझलला चेक व्हॉल्व्ह. पंप बहुधा मल्टिस्टेज सेंट्रिफ्यूगल किंवा प्लंजर, व्हीएफडीवर (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर). दाबाचा हिशेब उलट बाजूने करा: कंबस्टर १८ बार, नोझलवर १०, कंट्रोल व्हॉल्व्हवर १०, फिल्टर आणि पाइप ३, म्हणजे ४० बारच्या पुढे. कंट्रोल व्हॉल्व्हवर पुरेसा दाब ठेवला नाही तर तो पूर्ण उघडूनही काही करू शकत नाही.

फ्लो मीटरची निवड बऱ्याचदा चुकते. मॅग्नेटिक मीटर स्वस्त आणि सवयीचा, पण त्याला साधारण ५ मायक्रोसीमेन्स कंडक्टिव्हिटी लागते, म्हणून डीएम पाण्यावर तो चालत नाही. टर्बाइन मीटर किंवा कोरिऑलिस घ्या. कंट्रोलला दोन मीटर द्या. दोघांत तफावत ठरलेल्या मर्यादेपेक्षा वाढली की अलार्म, आणि त्याहून जास्त झाली की पाणी बंद.

शटऑफ व्हॉल्व्ह मॅनिफोल्डच्या जितका जवळ तितका चांगला. ट्रिपनंतर त्याच्या पुढचे उरलेले पाणी नोझलकडेच जाते.

पाणी चालू करण्याचा आणि बंद करण्याचा क्रम

स्टार्टअप, ज्वलन, सिंक्रोनायझेशन आणि कमी लोड, हे सगळे कोरडे. ज्वाला मजबूत झाल्याशिवाय पाणी नको. बहुतेक मशीनवर ३० ते ५० टक्के लोडच्या वर परवानगी मिळते.

१. डीएम टाकीची पातळी, कंडक्टिव्हिटी, सिलिका, फिल्टरचा डिफरन्शियल प्रेशर पाहा. कंडक्टिव्हिटी जास्त असेल तर पाणी मशीनकडे न नेता टाकीत परत फिरवत राहा.

२. पंप रिसर्क्युलेशनवर सुरू करा, शटऑफपर्यंतची लाइन भरून हवा काढा. हवेचा कप्पा राहिला तर पहिल्या काही सेकंदांत पाणी झटक्यात जाते आणि ज्वाला थरथरते.

३. पर्ज एअर (रिकाम्या लाइनीत फुंकलेली हवा) बंद होऊन ड्रेन बंद झाल्याची खात्री लिमिट स्विचवरून घ्या.

४. शटऑफ उघडा, कंट्रोल व्हॉल्व्ह किमान प्रवाहावर ठेवा. सगळ्या नोझलना पाणी पोचेपर्यंत थांबा आणि एक्झॉस्ट स्प्रेड (एक्झॉस्टमधल्या थर्मोकपलांच्या तापमानांतला फरक) बघा. स्प्रेड उड्या मारत असेल तर पुढे जाऊ नका.

५. मग रॅम्प. शून्यापासून गुणोत्तरापर्यंत एक ते दोन मिनिटे घ्या. इंधनाला फीडफॉरवर्ड द्या (पाण्याच्या हिशेबाने इंधन आधीच वाढवा), नाहीतर लोड खाली वाकतो आणि गव्हर्नर (वेग आणि लोड सांभाळणारा इंधन नियंत्रक) उशिरा धावतो.

बंद करताना रॅम्प खाली, शटऑफ बंद, ड्रेन उघडा, पर्ज हवा लावा. गरम नोझलच्या वाटेत पाणी उभे राहू देऊ नका. ते उकळते, जे काही क्षार असतील ते तिथेच साठतात, आणि पुढच्या वेळी त्या नोझलचा प्रवाह बदललेला असतो.

कंट्रोल: इथेच खरे दुखणे

मूळ सूत्र साधे: पाण्याची मागणी = इंधन प्रवाह × लोडनुसार गुणोत्तर × आर्द्रतेचा गुणक. स्थिर लोडवर हे कुठलाही पीआयडी (नेहमीचा कंट्रोल लूप) सांभाळतो. अडचण येते लोड बदलताना.

लोड वाढताना आधी इंधन, मागून पाणी. लोड उतरताना आधी पाणी, मागून इंधन. म्हणजे पाण्याची मागणी ही इंधनाची मागणी आणि इंधनाचा मोजलेला प्रवाह यांतल्या लहान आकड्यावरून काढायची. बॉयलरच्या हवा-इंधन क्रॉस लिमिटचाच हा प्रकार, फक्त धोक्याची दिशा उलटी: तिथे हवा कमी पडू द्यायची नसते, इथे पाणी जास्त होऊ द्यायचे नसते. गव्हर्नरने फ्रिक्वेन्सीमागे इंधन खाली ओढले आणि पाणी तिथेच राहिले, तर काही सेकंदांत गुणोत्तर १.५ च्या पुढे जाऊन ज्वाला विझू शकते.

लोड रिजेक्शनची गोष्ट वेगळीच. ब्रेकर उघडला की गव्हर्नर इंधन क्षणात किमानावर आणतो. पाण्याचा कंट्रोल व्हॉल्व्ह तेवढ्या वेगाने बंद होत नाही. त्यामुळे ब्रेकर उघडल्याचा सिग्नल थेट पाण्याच्या शटऑफला जायला हवा. गुणोत्तराच्या लूपने ते ओळखून बंद करावे, अशी अपेक्षा ठेवू नका. फ्लेमआउट ट्रिप झाली आणि अनुक्रम नोंदीत ब्रेकर आधी, फ्लेम लॉस नंतर असेल, तर या जोडणीपासून तपासायला सुरुवात करा.

आता सर्वांत दुर्लक्षित भाग, एक्झॉस्ट तापमानाचा कर्व्ह. हेवी ड्युटी मशीनमध्ये फायरिंग तापमान (टर्बाइनमध्ये शिरणाऱ्या वायूचे तापमान) थेट मोजत नाहीत. कंप्रेसर डिस्चार्ज दाब आणि एक्झॉस्ट तापमान यांच्या कर्व्हवरून ते सांभाळतात. पाणी सोडल्यावर डिस्चार्ज दाब वाढतो आणि वायूची उष्णताधारकता बदलते. त्याच फायरिंग तापमानाला एक्झॉस्ट आता जास्त गरम असतो. कोरडा कर्व्ह तसाच ठेवला, तर कंट्रोलर एक्झॉस्ट जुन्या मर्यादेत ठेवण्यासाठी फायरिंग तापमान थोडे खाली आणतो. ओला कर्व्ह लावला, म्हणजे मर्यादेला पाण्यानुसार बायस दिला (ती थोडी वर सरकवली), तर फायरिंग तापमान कायम राहते आणि जास्त मेगावॅट मिळतात.

फुकट काही नाही. बाष्पयुक्त वायू ब्लेडला जास्त उष्णता देतो. एका मोठ्या निर्मात्याने आपल्या ८० मेगावॅट वर्गाच्या हेवी ड्युटी मशीनसाठी दिलेले उदाहरण सांगते: हवेच्या ३ टक्के वाफ सोडून ओला कर्व्ह वापरला तर उष्णता वहन गुणांक ४ टक्के वाढतो, पहिल्या टप्प्याच्या बकेटचा (फिरत्या ब्लेडचा) धातू सुमारे ८ अंश जास्त तापतो आणि तिचे आयुष्य एक तृतीयांशाने कमी होते. कोरड्या कर्व्हवर फायरिंग तापमान उतरल्याने हा परिणाम भरून निघतो. जास्तीच्या मेगावॅटची खरोखर गरज नसेल तर ओला कर्व्ह घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत. बकेट सेटच्या किमतीपुढे ती वीज महाग पडते.

ओला कर्व्ह असेलच तर एक तपासणी आजच करा: बायस कशावरून लागतो? पंप चालू आहे यावरून, व्हॉल्व्हला दिलेल्या कमांडवरून, की मोजलेल्या पाण्याच्या प्रवाहावरून? पहिले दोन असतील तर धोका आहे. फिल्टर तुंबला, पाणी आटले, पण कमांड कायम. कर्व्ह ओलाच राहिला, ज्वाला मात्र कोरडी. कंट्रोलर शांतपणे मशीन जास्त तापवत राहतो आणि कुठलाही अलार्म येत नाही, कारण एक्झॉस्ट त्याच्या दृष्टीने मर्यादेत असतो. बायस मोजलेल्या प्रवाहावरच लावा, दोन मीटरमधल्या लहान आकड्यावर. पाणी बंद पडल्याबरोबर इंधनाचा रनबॅक द्या (इंधन आपोआप कमी करा) आणि मग कर्व्ह कोरडा करा.

मॅपिंग

मॅपिंगसाठी चार-पाच लोड ठरवा: परवानगीचा सर्वांत कमी, ६०, ७५, ९० टक्के आणि बेस. प्रत्येक ठिकाणी आधी कोरडा नॉक्स नोंदवा, मग गुणोत्तर ०.१ ने वाढवत जा. दर पायरीवर दहा-पंधरा मिनिटे स्थिर राहा आणि नॉक्स, सीओ, ऑक्सिजन, कंबस्टरचा डायनॅमिक प्रेशर (ज्वालेमुळे होणारे दाबाचे कंपन), एक्झॉस्ट स्प्रेड, फ्लेम सिग्नल, इंधन आणि हवेची आर्द्रता लिहा.

वाचन नेहमी १५ टक्के ऑक्सिजनवर आणा: पीपीएम × ५.९ ÷ (२०.९ − मोजलेला ऑक्सिजन). एक्झॉस्टमध्ये कोरड्या नमुन्यात ऑक्सिजन १५.८ आणि नॉक्स ३१ असेल तर दुरुस्त आकडा ३६ येतो. न दुरुस्त केलेल्या ३१ वर गुणोत्तर ठरवणारे खुशाल मर्यादेच्या पलीकडे चालत असतात.

नॉक्सची रेषा सुरुवातीला झरझर उतरते, मग सपाट होत जाते. सीओची रेषा बराच वेळ तळाशी असते आणि एका ठिकाणी अचानक वळून वर जाते. तुमची जागा त्या वळणाच्या अलीकडे. तिथे नॉक्स मर्यादेत येत नसेल तर आणखी पाणी सोडणे हा उपाय नाही. नोझल, लायनर (कंबस्टरचे आतले कवच) किंवा वाटप यांत दोष शोधा. डायनॅमिक प्रेशर सीओच्या आधीच चढू लागला तर मर्यादा त्याचीच धरा, कारण तो लायनर आणि ट्रान्झिशन पीसचे (कंबस्टर टर्बाइनला जोडणाऱ्या भागाचे) सांधे झिजवतो. याच कारणाने पाण्यावर चालणाऱ्या मशीनच्या कंबस्टर तपासणीचे तास निर्माते कमी देतात. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, पूर्ण मॅप नाही तरी बेस लोडचे तीन बिंदू तपासा.

काय बिघडते आणि कसे ओळखायचे

एक्झॉस्ट स्प्रेड वाढला: लोड उतरवून सुरक्षित पातळीला आणा आणि पाणी बंद करा. स्प्रेड गेला तर दोष पाण्याच्या बाजूला, राहिला तर इंधनाच्या बाजूला किंवा हार्डवेअरमध्ये. गरम थर्मोकपलवरून सरळ मागच्या कॅनकडे (एकेका ज्वलन कक्षाकडे) बोट दाखवू नका. वायू टर्बाइनमधून फिरत जातो आणि फिरण्याचा कोन लोडनुसार बदलतो, ओईएमचा स्वर्ल (फिरण्याच्या कोनाचा) तक्ता वापरा.

नॉक्स आणि सीओ दोन्ही एकदम वाढले: हे पाहून लोक अॅनालायझरवर संशय घेतात. आधी वाटप पाहा. काही नोझल तुंबले असतील तर तिथे ज्वाला कोरडी राहून नॉक्स वाढवते, आणि त्यांचे पाणी उरलेल्या नोझलमधून जास्त जाऊन तिथे सीओ वाढवते. एकूण गुणोत्तर पडद्यावर अगदी योग्य असते. नोझल काढून फ्लो बेंचवर एकेक तपासा, संचातला फरक ओईएमच्या मर्यादेत आणा.

गुणोत्तर योग्य, नॉक्स नेहमीपेक्षा कमी, सीओ जास्त, गॅसही जास्त: फ्लो मीटर कमी दाखवतोय. टर्बाइन मीटरची बेअरिंग झिजली की रोटर मंदावतो आणि कंट्रोलर बिचारा खरे प्रमाण वाढवत नेतो. दोन्ही मीटर एकाच वयाचे असतील तर तफावतीचा अलार्मही येत नाही. ताळा टाकीवर करा. मेकअप आणि रिसर्क्युलेशन बंद करा, लोड स्थिर ठेवा, तासाभराची पातळी नोंदवा. ५ मीटर व्यासाच्या टाकीत तासाला ४.९ घनमीटर म्हणजे पातळी २५ सेंटिमीटरने उतरायला हवी. २९ उतरली तर मीटर सुमारे १४ टक्के कमी वाचतोय. महिन्यातून एकदा, फार खर्च नाही.

पाणी बंद असताना मॅनिफोल्ड गरम: चेक व्हॉल्व्हमधून कंबस्टरचा वायू उलटा येतोय. पिगटेल पाइपांवर (मॅनिफोल्डपासून नोझलकडे जाणाऱ्या बारीक पाइपांवर) थर्मोकपल चिकटवून कोणता आहे ते शोधा आणि पुढच्या शटडाऊनपर्यंत थांबू नका.

लोड हळूहळू वरखाली झुलतो: इंधन व्हॉल्व्हकडे जाण्याआधी पाण्याचा लूप मॅन्युअलवर टाका. झुलणे थांबले तर पाण्याचा कंट्रोल व्हॉल्व्ह चिकटतोय, स्टेमचे पॅकिंग आणि पोझिशनर पाहा.

बोअरस्कोपमध्ये (मशीनच्या आत पाहण्याच्या कॅमेऱ्यात) टर्बाइनच्या पहिल्या टप्प्याच्या नोझलवर, म्हणजे स्थिर ब्लेडवर, पांढुरका थर दिसला तर खरवडून प्रयोगशाळेत द्या. सिलिका किंवा कॅल्शियम आढळले तर डीएम प्लांटच्या मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी काढा. लायनरवर थर्मल कोटिंग उडालेले पट्टे एकाच बाजूला असतील तर त्या बाजूच्या पाण्याच्या नोझलचे पाणी शंकूच्या आकारात न फवारता धारेने भिंतीवर पडत असते. असा नोझल धुऊन परत लावू नका, बदला; आणि बसवल्यावर पाणी चालू करून स्प्रेडची नवी बेसलाइन लॉगबुकात त्याच शिफ्टमध्ये लिहा.